पाठदुखीचा प्रतिबंध आणि दैनंदिन सवयी : एक ऐतिहासिक आढावा
(विशेष संदर्भ : वऱ्हाड व दुसरबीड परिसर)

प्रस्तावना :

पाठदुखी हा मानवाच्या अत्यंत जुन्या आणि सार्वत्रिक दुखण्यांपैकी एक आहे. मराठी बोलीत या दुखण्यासाठी असलेल्या शब्दांवरूनही त्याची ओळख किती जुनी आहे हे ध्यानात येते. कंबर धरणे, पाठीत उसण भरणे, चमक निघणे, लचक भरणे हे शब्दप्रयोग ग्रामीण महाराष्ट्रात आजही रोजच्या बोलण्यात आहेत. उसण भरल्यास पायाळू माणसाकडून पाठीला पाय लावून घेण्याची लोकरूढीही सर्वपरिचित आहे. दुखणे उद्भवल्यानंतरच्या उपायांविषयी समाजाने असा बराच विचार केला. मात्र ते उद्भवूच नये म्हणून दिवसभराचे वागणे कसे असावे, हा प्रश्न इतिहासात वेगवेगळ्या वर्गांपुढे वेगवेगळ्या स्वरूपात उभा राहिला.

या दुखण्याची आजची व्याप्ती मोठी आहे. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जागतिक रोगभाराच्या अभ्यासानुसार २०२० साली जगातील सुमारे ६१ कोटी ९० लाख लोकांना कंबरदुखी होती आणि २०५० पर्यंत ही संख्या ८४ कोटी ३० लाखांवर जाण्याचा अंदाज आहे. पुरुषांपेक्षा स्त्रियांमध्ये तिचे प्रमाण अधिक आढळते. याच अभ्यासात कंबरदुखीमुळे येणाऱ्या अक्षमतेचा सुमारे ३९ टक्के भाग कामातील शारीरिक ताण, धूम्रपान आणि अतिरिक्त वजन या तीन कारणांशी जोडलेला आहे. यांपैकी दोन कारणे व्यक्तीच्या राहणीशी निगडित आहेत, तर पहिले कारण तिच्या उपजीविकेशी. हा भेद प्रस्तुत निबंधाच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे.

बुलढाणा जिल्ह्याच्या सिंदखेडराजा तालुक्यातील दुसरबीड व त्याभोवतालचा परिसर हा शेतीवर उपजीविका असणारा भाग आहे. कापूस आणि ज्वारीच्या या टापूत गेल्या काही दशकांत सोयाबीनचे क्षेत्र वाढले. जिजामाता सहकारी साखर कारखान्यामुळे उसाशीही या परिसराचा संबंध आला. पुढे तो कारखाना बंद पडला. येथील महाविद्यालयीन विद्यार्थ्यांपैकी अनेकांच्या घरी निंदणी, वेचणी, सोंगणी ही कामे आजही होतात. अशा विद्यार्थ्यांना आरोग्यदायी सवयी शिकवताना कोणत्या परंपरेचा आधार घ्यावा, हे ठरविण्यासाठी त्या परंपरांचा इतिहास पाहणे आवश्यक ठरते.

उद्दिष्टे :

१) पाठीच्या आरोग्याशी संबंधित दिनचर्या व व्यायाम यांच्या महाराष्ट्रातील परंपरेचा आढावा घेणे.
२) शारीरिक श्रम करणाऱ्या वर्गाच्या पाठीचे रक्षण कोणत्या मार्गांनी झाले, याचा शोध घेणे.
३) आधुनिक वैद्यकीय संशोधनाच्या प्रकाशात या दोन्ही प्रवाहांचे मूल्यमापन करणे.
४) दुसरबीडसारख्या ग्रामीण परिसरासाठी त्यातून निघणारा बोध मांडणे.

१. दिनचर्येची शास्त्रीय परंपरा :

आयुर्वेदात पाठ व कंबर यांच्या दुखण्यांचा विचार वातविकारांत केलेला आहे. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात वातविकारांची जी गणना आली आहे, तीत गृध्रसी, त्रिकग्रह आणि पृष्ठग्रह यांचा समावेश होतो. वाग्भटाच्या अष्टांगहृदयात सूत्रस्थानाचा दुसरा अध्याय दिनचर्येलाच वाहिलेला आहे. नित्य अभ्यंग, नियमित व्यायाम, मलमूत्रादी वेगांचे अवरोधन न करणे, आहार व झोपेचा नियम या गोष्टी रोग होण्यापूर्वीच पाळावयाच्या आहेत, असा या परंपरेचा आग्रह आहे. व्यायामाने अंगात हलकेपणा व काम करण्याचे सामर्थ्य येते, परंतु तो आपल्या शक्तीच्या निम्म्याइतकाच करावा, ही मर्यादाही तीत घालून दिलेली आहे.

अतिश्रमाचे धोकेही या ग्रंथांना अपरिचित नव्हते. चरकाने शोषाच्या कारणांत ‘साहस’ हे एक कारण सांगितले आहे आणि शक्तीबाहेरचे ओझे वाहणे हा साहसाचाच एक प्रकार मानला आहे. तथापि साहस टाळण्याचा हा उपदेश ज्याला टाळणे शक्य आहे अशा माणसाला उद्देशून आहे. ज्याचे पोट ओझे वाहण्यावरच अवलंबून आहे, त्याने काय करावे, याचे उत्तर दिनचर्येच्या चौकटीत मिळत नाही. ही मर्यादा त्या ग्रंथांपुरती नाही. आरोग्यविषयक उपदेशाच्या पुढील इतिहासातही ती वारंवार दिसते.

युरोपात या प्रश्नाकडे व्यवसायाच्या बाजूने पाहण्याची सुरुवात इटालियन वैद्य बर्नार्दिनो रामाझ्झिनी याने केली. १७०० साली प्रसिद्ध झालेल्या कारागिरांच्या रोगांवरील ग्रंथात त्याने ओझेकरी, शिंपी यांसारख्या श्रमिकांच्या दुखण्यांचा त्यांच्या कामाशी संबंध जोडला. एकाच स्थितीत दीर्घकाळ बसणे आणि शक्तीबाहेर श्रम करणे ही दोन्ही शरीराला अपायकारक आहेत, हे त्याचे निरीक्षण आजही ग्राह्य ठरते.

२. व्यायामचळवळ आणि पाठीचा कणा :

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून महाराष्ट्रात आखाडे व तालमी यांना नवे सामाजिक महत्त्व प्राप्त झाले. शरीरसंपदा ही राष्ट्राची संपदा आहे, या भावनेतून विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात व्यायामाची चळवळ उभी राहिली. वऱ्हाडात तिचे प्रमुख केंद्र अमरावती हे होते. वैद्य बंधूंनी १९१४ मध्ये तेथे स्थापन केलेल्या श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने मल्लखांब, कुस्ती, लेझीम, दंड-बैठका यांना शिस्तबद्ध शिक्षणाचे रूप दिले. १९३६ च्या बर्लिन ऑलिम्पिकच्या वेळी मंडळाच्या चमूने भारतीय व्यायामप्रकारांची प्रात्यक्षिके सादर केली. १९४९ मध्ये स्टॉकहोम येथे भरलेल्या लिंगियाड या व्यायाममहोत्सवातही मंडळाने भाग घेतला. स्वीडनमधील शास्त्रशुद्ध व्यायामपद्धतीचे प्रवर्तक पेर हेन्रिक लिंग यांच्या नावाने तो महोत्सव भरविला जात असे.

औंध संस्थानचे अधिपती भवानराव उर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी सूर्यनमस्काराचा प्रसार आपल्या शाळांतून आणि लेखनातून केला. साधन लागत नाही, थोडी जागा पुरते आणि स्त्री-पुरुष दोघांनाही करता येतो, ही या व्यायामाची वैशिष्ट्ये होत. त्यात कणा क्रमाने पुढे व मागे वाकतो, नितंब व पोटऱ्यांचे स्नायू ताणले जातात आणि हातांवर शरीराचा भार पेलला जातो. दत्तात्रय चिंतामण मुजुमदार यांनी बडोद्याहून संपादित केलेल्या व्यायामज्ञानकोशाच्या दहा खंडांनी या सर्व ज्ञानाचे मराठीत संकलन केले.

योगाच्या क्षेत्रात स्वामी कुवलयानंद यांनी १९२४ साली लोणावळा येथे कैवल्यधाम स्थापन केले आणि त्याच वर्षी ‘योगमीमांसा’ हे नियतकालिक सुरू केले. आसनांचे शरीरावर होणारे परिणाम प्रयोगशाळेतील साधनांनी तपासण्याचा त्यांचा प्रयत्न त्या काळात अभिनव होता. मुंबईत श्रीयोगेंद्र यांनी १९१८ मध्ये योग संस्था स्थापन केली. त्यांच्या पत्नी सीतादेवी योगेंद्र यांनी १९३४ साली स्त्रियांसाठी योगविषयक स्वतंत्र पुस्तक लिहिले. १९३७ मध्ये पुण्यात आलेल्या बी. के. एस. अय्यंगार यांनी पट्टे, विटा, दोर व खुर्च्या यांचा आधार घेऊन आजारी आणि वृद्ध व्यक्तींनाही आसने करता येतील अशी पद्धती विकसित केली. त्यांच्या संस्थेची पुण्यातील वास्तू १९७५ मध्ये उभी राहिली. या पद्धतीत शिकलेल्या शिक्षकांचा सहभाग असलेला एक प्रयोग २०११ मध्ये ब्रिटनमधून प्रसिद्ध झाला. त्यात दीर्घकालीन कंबरदुखीच्या ३१३ प्रौढांचा अभ्यास होता. बारा आठवड्यांच्या योगवर्गाला जाणाऱ्या गटाची हालचालीची क्षमता केवळ नेहमीचे उपचार घेणाऱ्या गटापेक्षा अधिक सुधारल्याचे त्यात आढळले.

पाठदुखीचा प्रतिबंध हा या चळवळीचा घोषित हेतू क्वचितच होता. तरीही रोज ठरावीक वेळ व्यायामासाठी राखून ठेवण्याची सवय शाळा, वसतिगृहे आणि मध्यमवर्गीय घरांपर्यंत पोहोचविण्याचे श्रेय तिला द्यावे लागते. मात्र तिचा लाभ मुख्यतः ज्यांच्या हाती सकाळची वेळ होती, त्यांना झाला. पहाटे चूल पेटवून, पाणी भरून, दिवस उगवताच दुसऱ्याच्या शेतात निंदणीला जाणारी स्त्री या चळवळीच्या कक्षेत फारशी आली नाही.

३. श्रमिकांची पाठ : विश्रांती, वजन आणि कायदा :

श्रमिकांच्या बाबतीत पाठीचे रक्षण वेगळ्या मार्गाने झाले. त्यांच्या चळवळींच्या कागदपत्रांत पाठदुखी हा शब्द सहसा आढळत नाही. तेथे आढळतात ते कामाचे तास, सुटी, पोत्याचे वजन आणि मजुरीचा दर हे शब्द. तथापि पाठीच्या दृष्टीने पाहिल्यास याच मागण्या प्रतिबंधाच्या मागण्या होत्या.

सत्यशोधक चळवळीतील कार्यकर्ते नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने सप्टेंबर १८८४ मध्ये मुंबईतील गिरणी कामगारांच्या सभा झाल्या. सुमारे साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांच्या निवेदनात आठवड्यातून एक दिवस पूर्ण सुटी आणि दुपारी अर्ध्या तासाची विश्रांती या मागण्या होत्या. सहा वर्षांच्या पाठपुराव्यानंतर १० जून १८९० पासून रविवारची सुटी मिळाली. विश्रांती ही शरीराची गरज असली, तरी कामगाराला ती संघटित मागणीतूनच मिळाली.

स्वातंत्र्यानंतर १९४८ च्या कारखाना अधिनियमातील कलम ३४ ने, इजा होण्याचा संभव असेल इतके ओझे कामगाराला उचलावयास लावण्यास मनाई केली. कलम ४४ ने उभ्याने काम करणाऱ्यांसाठी संधी मिळेल तेव्हा बसण्याची सोय करणे बंधनकारक केले. १९६७ मध्ये आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने ओझ्याच्या कमाल वजनाविषयी करार संमत केला आणि सोबतच्या शिफारशीत प्रौढ पुरुषासाठी ५५ किलोची मर्यादा सुचविली. कारखान्याच्या भिंतीबाहेर, बाजारात आणि गोदामात काम करणारा हमाल मात्र कारखाना अधिनियमाच्या संरक्षणापासून दूर राहिला.

ही उणीव महाराष्ट्राने काही अंशी भरून काढली. पुण्यात डॉ. बाबा आढाव यांनी हमाल पंचायत उभी केली, तर मुंबईत अण्णासाहेब पाटील यांनी माथाडी कामगारांना संघटित केले. त्याची परिणती महाराष्ट्र माथाडी, हमाल व इतर श्रमजीवी कामगार अधिनियम, १९६९ मध्ये झाली. शंभर किलोच्या पोत्याऐवजी पन्नास किलोचे पोते असावे, ही मागणीही हमालांच्या चळवळीने लावून धरली. पन्नास किलोचे पोते रूढ झाल्याने हमालाच्या पाठीला जे साहाय्य झाले, ते ओझे उचलण्याच्या कोणत्याही उपदेशाने होणे शक्य नव्हते.

योगायोगाने १९६९ हे वर्ष या विषयाच्या दृष्टीने अनेक प्रकारे लक्षणीय आहे. त्याच वर्षी स्वीडनमधील डांडरिड रुग्णालयात मारियान झाकरिसन-फोर्सेल यांनी ‘पाठीची शाळा’ सुरू केली. कण्याची रचना, बसण्या-उठण्याच्या पद्धती आणि व्यायाम यांचे शिक्षण रुग्णांना गटाने देणारा हा उपक्रम पुढे अनेक देशांत पसरला. त्याच वर्षी २४ सप्टेंबर रोजी महाविद्यालयांतून राष्ट्रीय सेवा योजना सुरू झाली आणि २० ऑक्टोबर रोजी अकोला येथे आजच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाची स्थापना झाली. शिक्षण, कायदा, समाजसेवा आणि कृषी-अवजारे या चारही वाटा एकाच काळात खुल्या झाल्या. त्या एकमेकींना फारशा मिळाल्या नाहीत, हे पुढील इतिहासाचे वैशिष्ट्य आहे.

४. वऱ्हाडातील शेतकाम : अवजार आणि पाठ :

वऱ्हाडातील कोरडवाहू शेतीत दोन ओळींमधील तण काढण्यासाठी बैलाने ओढावयाचा डवरा परंपरेने वापरात आहे. डवरा धरणारा माणूस उभ्याने चालतो. डवऱ्याच्या पासेतून सुटलेले, रोपांच्या ओळीतील तण काढण्यासाठी मात्र खुरपे लागते आणि ते काम उकिडवे बसून किंवा वाकून करावे लागते. डवरणी प्रायः पुरुषांकडे आणि निंदणी स्त्रियांकडे, अशी ही कामाची वाटणी आहे. परिणामी उभ्याने वापरावयाचे अवजार पुरुषाच्या हाती आणि बैठे अवजार स्त्रीच्या हाती राहिले. पाठीवरील ताणाची ही लिंगभावात्मक विभागणी कृषी-इतिहासाच्या अभ्यासात फारशी विचारात घेतली गेलेली नाही.

कापसाच्या वेचणीत खालची बोंडे वेचताना पुन्हा पुन्हा वाकावे लागते आणि कमरेला बांधलेल्या ओटीतील कापसाचे वजन वाढत जाते. वेचणीची मजुरी किलोवर मिळते. त्यामुळे थांबणे म्हणजे मजुरी बुडणे, असा हिशेब होतो. सोयाबीनने कापसाची जागा घेतल्यावर वेचणीचा हंगाम आखडला, परंतु सोयाबीनचे झाड ठेंगणे असल्याने विळ्याने सोंगणी करताना जमिनीलगत वाकावे लागते. ही सोंगणी अनेक ठिकाणी एकराच्या उक्त्या दराने होते आणि पावसाच्या भीतीने ती थोड्या दिवसांत उरकावी लागते. ऊसतोडीतही बुडख्याशी वाकून तोडणे, मोळी बांधणे आणि ती डोक्यावर घेऊन फळीवरून वाहनात चढविणे ही कामे एकामागून एक येतात. या सर्व कामांत शरीराची स्थिती, वेग आणि विश्रांती यांचा निर्णय काम करणाऱ्याच्या हाती पूर्णपणे नसतो.

याच प्रश्नाचे एक उत्तर अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात मिळाले. तेथील भाजीपाल्याच्या शेतांत स्थलांतरित मजुरांना आखूड दांड्याचे कुदळे दिले जात असे. त्यामुळे दिवसभर कंबरेत वाकून काम करावे लागे. मजुरांच्या वतीने झालेल्या कायदेशीर लढ्यानंतर जानेवारी १९७५ मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने मजुरांच्या बाजूने निर्णय दिला आणि त्या अवजाराच्या वापरावर बंदी आली. लांब दांड्याने पीक खराब होईल, हा बागायतदारांचा युक्तिवाद टिकला नाही. मजुरांना नीट वाकण्याचे शिक्षण देण्याऐवजी दांडा लांब करण्यात आला, हे या घटनेचे मर्म होय.

भारतात भोपाळच्या केंद्रीय कृषी अभियांत्रिकी संस्थेने आणि कृषी विद्यापीठांनी उभ्याने चालविता येणारी हातकोळपी विकसित केली आहेत. सायकल कोळपे हे त्याचे गावोगावी परिचित झालेले रूप आहे. तरीही खुरपे मागे पडले नाही. खुरपे स्वस्त आहे, ते मजूर स्त्री स्वतः सोबत आणते आणि रोपाच्या बुंध्याशी ते अधिक अचूक चालते, ही त्यामागील कारणे आहेत. नवे अवजार विकत घेण्याचा निर्णय शेतमालकाचा असतो, तर न घेतल्याची किंमत मजूर स्त्रीच्या कंबरेला मोजावी लागते.

कायदा किंवा चळवळ यांशिवायही काही बदल झाले, याची नोंद घेणे योग्य ठरेल. पिठाच्या गिरणीने जाते थांबविले, नळयोजनांनी काही गावांत तरी डोक्यावरचा हंडा व चुंबळ उतरविली आणि स्वयंपाकघरातील ओट्याने जमिनीलगतच्या चुलीपुढचे वाकणे कमी केले. स्त्रियांच्या पाठीचा भार हलका करण्यात या तीन साधनांचा वाटा मोठा आहे. याउलट ट्रॅक्टर व दुचाकी यांनी सततच्या धक्क्यांचा नवा ताण निर्माण केला, तर कार्यालये, संगणक आणि मोबाईल यांनी तासन्‌तास एकाच जागी बसण्याची सवय लावली.

५. आधुनिक संशोधनाचा कौल :

पाठदुखीविषयीचे वैद्यकीय मत गेल्या शतकात मोठ्या प्रमाणात बदलले. १९३४ मध्ये मिक्स्टर व बार या अमेरिकन शल्यविशारदांनी मणक्यांमधील चकती सरकल्याने मज्जातंतूवर दाब येतो, हे दाखवून दिले. त्यानंतर दीर्घकाळ पाठदुखी म्हणजे चकतीचा बिघाड आणि उपाय म्हणजे अंथरुणावर विश्रांती, असे समीकरण रूढ होते. १९८६ मध्ये डेयो व सहकाऱ्यांनी सात दिवसांच्या अंथरुणावरील विश्रांतीपेक्षा दोन दिवसांची विश्रांती कमी परिणामकारक नाही, असे दाखविले. १९९५ मध्ये फिनलंडमधील अभ्यासात, वेदना सोसवेल इतपत नेहमीचे व्यवहार चालू ठेवणारे रुग्ण अंथरुणावर पडून राहणाऱ्यांपेक्षा लवकर बरे झाल्याचे आढळले. आपल्याकडे मात्र ‘पाठ धरली की पडून राहावे’ ही समजूत अजूनही दृढ आहे.

प्रतिबंधाच्या बाबतीत २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेला आढावा महत्त्वाचा आहे. त्यात २१ प्रयोग आणि ३०,८५० व्यक्तींची माहिती एकत्र तपासली गेली. व्यायाम व शिक्षण एकत्र दिल्यास पाठदुखी उद्भवण्याची जोखीम सुमारे ४५ टक्क्यांनी, तर केवळ व्यायामाने सुमारे ३५ टक्क्यांनी कमी होते, असा निष्कर्ष निघाला. केवळ शिक्षण, कंबरपट्टे किंवा पादत्राणांतील गाद्या यांनी प्रतिबंध झाल्याचा पुरावा मिळाला नाही. ओझे कसे उचलावे याचे कामगारांना दिलेले प्रशिक्षण एकट्याने पाठदुखी टाळत नाही, हे २०११ च्या कॉक्रेन आढाव्यातही दिसून आले. २०२४ मध्ये ऑस्ट्रेलियातील ७०१ व्यक्तींवर केलेल्या प्रयोगात, टप्प्याटप्प्याने चालण्याचा व्यायाम करणाऱ्या गटात पाठदुखी परत उद्भवण्यापूर्वीचा मध्यम कालावधी २०८ दिवस, तर इतरांत तो ११२ दिवस होता.

या निष्कर्षांतून दोन गोष्टी स्पष्ट होतात. पहिली अशी की, नियमित व्यायामाचा जुना आग्रह शास्त्रीय कसोटीवर मोठ्या प्रमाणात टिकतो. दुसरी अशी की, उपदेश एकटा अपुरा आहे. ‘ताठ बसा’, ‘वाकू नका’ या सूचनांनी फारसे साधत नाही. वाकणे हा शरीराचा स्वाभाविक व्यवहार आहे. वाकलेल्या स्थितीत फार वेळ राहणे, शक्तीबाहेरचे वजन उचलणे आणि शरीराला सावरण्यास उसंत न मिळणे ही खरी अडचण आहे.

६. स्वाधीन आणि पराधीन सवयी :

वरील इतिहासाच्या आधारे दैनंदिन सवयींचे दोन भाग पाडता येतात. कोणाच्याही परवानगीवाचून पाळता येणाऱ्या सवयींना स्वाधीन म्हणता येईल. रोज अर्धा तास चालणे, सूर्यनमस्कार किंवा आसने करणे, विडी-सिगारेट टाळणे, वजन आटोक्यात ठेवणे, पुरेशी झोप घेणे, वाचन वा संगणकाचे काम करताना अर्ध्या-पाऊण तासाने उठून चार पावले टाकणे आणि पाठ दुखू लागल्यास अंथरूण न धरता सोसवेल तेवढी हालचाल चालू ठेवणे, या सवयी या गटात येतात. प्राध्यापक, लिपिक आणि विद्यार्थी यांना त्या सहज अंगीकारता येतात. पायात बधिरपणा वा अशक्तपणा येणे, लघवी-शौचावरील ताबा जाणे, ताप किंवा अकारण वजन घटणे अशी लक्षणे पाठदुखीसोबत दिसल्यास मात्र विनाविलंब डॉक्टरांकडे जाणे हीही एक सवयच मानली पाहिजे.

ज्या सवयी पाळण्यासाठी दुसऱ्याची संमती, साधन किंवा नियम आवश्यक असतो, त्या पराधीन होत. दर तासाला पात सोडून उभे राहणे, निंदणी आणि उभ्याची कामे आलटून पालटून करणे, ओटी अर्धी भरताच रिती करणे, खताचे वा धान्याचे पोते दोघांनी मिळून उचलणे, सायकल कोळप्याने तण काढणे, या गोष्टी मजुराला कळतात. परंतु किलोवर किंवा एकरावर मजुरी ठरली असता त्या पाळणे त्याला परवडत नाही. येथे सवय बदलण्यासाठी आधी कामाची रीत बदलावी लागते.

शालेय दप्तराचे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. १९९३ मध्ये यशपाल समितीने शिक्षणातील ओझ्याचा प्रश्न मांडला. मुंबई उच्च न्यायालयात हा विषय गेल्यानंतर जुलै २०१५ मध्ये महाराष्ट्र शासनाने दप्तराचे वजन विद्यार्थ्याच्या वजनाच्या दहा टक्क्यांहून अधिक नसावे, असा निर्णय काढला. २०२० च्या राष्ट्रीय धोरणातही हीच मर्यादा स्वीकारण्यात आली. मुलाने दप्तर दोन्ही खांद्यांवर घ्यावे ही त्याची स्वाधीन सवय होय, पण त्यात किती पुस्तके असावीत हे शाळेच्या वेळापत्रकावर अवलंबून असते. मुलांच्या ओझ्याविषयी समाजाने जो विचार केला, तो त्यांच्या मातांच्या ओझ्याविषयी अद्याप व्हावयाचा आहे.

दुसरबीडसारख्या परिसरात या कामी महाविद्यालयाला मध्यस्थाची भूमिका बजावता येण्याजोगी आहे. राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरात वृक्षारोपणाबरोबरच निंदणी, वेचणी व सोंगणी करणाऱ्या स्त्रियांच्या कामाचे तास, उसंत, अवजारे आणि दुखणी यांची नोंद विद्यार्थ्यांना घेता येईल. सायकल कोळप्यासारखी अवजारे बचत गटामार्फत सामाईक मालकीची ठेवल्यास ती घेण्याचा निर्णय वापरणाऱ्या स्त्रियांच्या हाती येईल. शारीरिक शिक्षण विभागाला वऱ्हाडच्या व्यायामपरंपरेतील सोपे प्रकार निवडून ते सायंकाळी, गावात, स्त्रियांना सोयीच्या वेळी शिकविता येतील. आपल्याच घरातील श्रमांची अशी नोंद करणारा विद्यार्थी इतिहासाचे साधनही निर्माण करील, कारण या पाठींचा इतिहास आजवर फारसा लिहिला गेलेला नाही.

निष्कर्ष :

१) महाराष्ट्रात पाठीच्या आरोग्याचे रक्षण दोन समांतर मार्गांनी झाले. पहिला मार्ग दिनचर्या, व्यायाम व योग यांचा. दुसरा विश्रांती, वजनमर्यादा आणि अवजारे यांच्यासाठी झालेल्या श्रमिक चळवळींचा व कायद्यांचा.

२) पहिल्या मार्गाचा लाभ प्रामुख्याने ज्यांचा वेळ त्यांच्या हाती होता, त्या वर्गाला झाला. नियमित व्यायामाचे त्याचे तत्त्व आधुनिक संशोधनाने उचलून धरले आहे.

३) दुसऱ्या मार्गाने गिरणी कामगार व हमाल यांना काही संरक्षण दिले. शेतमजूर, विशेषतः शेतमजूर स्त्रिया, त्यापासून बहुतांशी वंचित राहिल्या.

४) केवळ उपदेशाने पाठदुखी टळत नाही, असे संशोधन सांगते. लोखंडे यांच्या काळातील अर्ध्या तासाची सुटी, पन्नास किलोचे पोते आणि लांब दांड्याचे अवजार यांचा इतिहासही तेच सांगतो.

५) यास्तव ग्रामीण महाविद्यालयांतील आरोग्यशिक्षणाने स्वाधीन सवयी शिकवाव्यात आणि पराधीन सवयींच्या आड येणाऱ्या कामाच्या रीतींचाही अभ्यास करावा. निंदणीला बसलेल्या स्त्रीला ताठ बसण्याचा सल्ला देण्याआधी तिच्या हातातील खुरप्याचा दांडा आणि तिच्या मजुरीचा हिशेब पाहणे अगत्याचे आहे.